खिडकीकडचे डोळे, दाराकडचे डोळे

माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीला एके काळी रायपुरात थोडीफार प्रतिष्ठा होती. ती तिला कशी मिळाली आणि कशी गेली, हे मी आजवर अनेकांना तुकड्यातुकड्यांनी सांगितले आहे. एक तुकडा मात्र दर वेळी गाळत आलो. आता पन्नाशी ओलांडून काही वर्षे झाली, आणि गाळलेल्या गोष्टींचेच ओझे अधिक वाटू लागले आहे, म्हणून सगळे क्रमाने लिहितो.

मी डोळ्यांचा डॉक्टर. डोळ्याच्या आत पाण्यासारखा द्रव असतो आणि त्याला दाब असतो. हा दाब प्रमाणाबाहेर वाढला तर मागची नस हळूहळू मरत जाते, आणि बहुधा माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. यालाच काचबिंदू म्हणतात. दाब मोजायला यंत्रे आहेत. जेथे यंत्र नाही तेथे बोटे आहेत. रोग्याला खाली, स्वतःच्या पायांकडे पाहायला सांगायचे. दोन्ही तर्जन्या वरच्या पापणीवर टेकवायच्या, उरलेली बोटे कपाळावर विसावू द्यायची. एका तर्जनीने अगदी हलके दाबायचे आणि दुसरीने डोळा किती लवतो ते जाणून घ्यायचे. आपला ओठ दाबून पाहावा, तो मऊ डोळा. नाकाचा शेंडा दाबून पाहावा, तो निरोगी डोळा. कपाळ दाबून पाहावे, तो आजच्या आज वाचवायचा डोळा. हे शास्त्र एवढेच आहे. बोट मऊ, ठीक आणि कडक हे तीन शब्द बोलू शकते. बोटाला आकडा सांगता येत नाही.

मी आकडा सांगत असे.

रायपूर राजधानी झाले त्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली ही हकीकत. गावाला अचानक थोरल्या भावाचा सदरा चढवल्यासारखे झाले होते; बाह्या खाली लोंबत होत्या, पण ऐट कमी नव्हती. ज्या खोलीत काल मोडक्या खाटा रचलेल्या असत, तिच्या दारावर आज उपसंचालकांची पाटी लागे, आणि तो रंग वाळण्याआधीच भेटायला येणाऱ्यांच्या कोपरांना लागे. मी तेव्हा तिशीत नुकताच शिरलेला, एका सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात होतो. सगळ्या विभागात दाब मोजायचे यंत्र एकच. पोलादाचे, हातात मावणारे, मखमलीच्या पेटीत निजलेले. रोग्याला आडवे करून, डोळ्यात बधिर करणारा थेंब घालून, ते बुबुळावर उभे धरायचे, आणि काटा किती हलतो ते पाहून तक्त्यातून आकडा काढायचा.

एके दिवशी नव्या राज्याचे एक बडे अधिकारी पाहणीला आले. पेटीतले ते एकुलते एक यंत्र पाहून त्यांनी विचारले, "गाँव के डॉक्टर क्या करेंगे फिर?"

"बोटाने तपासता येते, सर," मी हिंदीत म्हणालो.

"दिखाइए."

जवळच एक म्हातारबुवा बसले होते. मी त्यांच्या पापणीवर बोटे टेकवली आणि म्हणालो, "अट्ठाईस."

साहेबांनी यंत्र लावायला सांगितले. अठ्ठावीस निघाले. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की, माझ्या आयुष्यात त्याआधी कोणी माझ्याकडे तसे पाहिले नव्हते. वस्तुस्थिती इतकीच होती की त्याच म्हातारबुवांचा दाब मीच त्या सकाळी यंत्राने मोजला होता. "सर, सकाळी मीच मोजला होता," हे वाक्य माझ्या तोंडाशी आलेही होते. तेवढ्यात चहा आला. साहेबांनी कप उचलला, मी कप उचलला, आणि ते वाक्य चहाबरोबर खाली गेले.

महिन्याभरात आदेश निघाला. आरोग्यकेंद्रांच्या डॉक्टरांना बोटाने डोळ्याचा दाब ओळखायला शिकवायचे, एका तुकडीत आठ जण, चार दिवस, शिकवणारा मी.

हे सारे ज्या एका व्यक्तीला पहिल्या क्षणापासून ठाऊक होते, ती आमच्या विभागाची परिचारिका नव्हे की डॉक्टर नव्हे. ती होती विभागातली आया. सगळे तिला मावशी म्हणत. मूळची विदर्भातली, नवरा रेल्वेत होता तो वारलेला, मूलबाळ नाही. तात्यापाऱ्यात, म्हणजे रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीत, आमच्या घरामागच्या गल्लीत एका खोलीत राहायची. लोकांसमोर मी तिला 'साहेब' होतो. खोलीत दोघेच असलो की तोंडी 'साहेब'च, पण नजरेत नाक पुसायला विसरणारा शेजारचा पोट्टा होतो. त्या दिवशी म्हातारबुवांच्या डोळ्यात बधिर करणारा थेंब तिनेच घातला होता.

"तुमचं बोट त लय हुशार निंघालं, साहेब," साहेबांची गाडी गेल्यावर ती म्हणाली. "सकायचं मोजलेलं दुपारपर्यंत ध्यानात ठेवते."

"मी सांगणारच होतो, मावशी."

"मंग काहून नाही सांगतलं?"

"चहा आला."

"चहा त रोजच येते, बाप्पा."

प्रशिक्षणाला मिळालेली खोली पूर्वी अडगळीची होती. एका अंगाला खिडकी, दुसऱ्या अंगाला दार. दर सकाळी तंत्रज्ञ सहा रोग्यांचा दाब यंत्राने मोजून ठेवी आणि मावशी त्यांना आत आणून बसवी. तिची बसवण्याची रीत ठरलेली होती. ज्यांचे डोळे ठीक ते खिडकीजवळच्या लाकडी बाकावर, कारण त्यांना घाई नाही. ज्यांच्याविषयी शंका ते मधल्या स्टुलांवर. आणि ज्यांचे डोळे कडक ते दाराजवळच्या लाल खुर्च्यांवर, कारण त्यांना आधी उठवून औषधाला न्यायचे असे. यात कपट मुळीच नव्हते. ते माझ्याकडे होते. पहिल्या तुकडीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की मला डोळ्यांना हात लावायची गरजच नाही. बाक म्हणजे चौदा ते सोळा. स्टूल म्हणजे बावीस-चोवीस. लाल खुर्ची म्हणजे छत्तीसच्या पुढे.

मग मी त्याला थोडी सजावट केली. पापणीवर बोटे ठेवून श्वास रोखून धरीत असे. मान किंचित कलती करीत असे, जणू आतून काही ऐकू येते आहे. प्रत्यक्षात त्या कोनातून रोगी कुठे बसला आहे ते नीट दिसत असे. मग हलक्या आवाजात आकडा सांगायचा. नंतर सर्वांसमक्ष यंत्र लावले जाई. एखाद-दुसऱ्या आकड्याचा फरक पडला तर मी यंत्राकडे समजूतदारपणे पाहत असे.

मावशीला हे ध्यानात यायला एक तुकडी पुरली. तिने मला एकांतात गाठले.

"साहेब, तुम्ही डोयाले हात लावून राहिले का बाकाले?"

मी यंत्राची पेटी उघडून पुन्हा बंद केली.

"चालू द्या," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर निर्भेळ आनंद होता. "आपल्या तात्यापाऱ्याचं नाव होऊन राहिलं. पण एखांद्या दिवशी मी अदलाबदल करून देईन हो. मंग पाहू बोट काय म्हणते त."

त्याच सुमारास एका संध्याकाळी आम्ही दोघे एका रिक्षातून घरी परतत होतो. सदर बाजारात दुकानांचे दिवे लागले होते आणि स्कूटरींच्या गर्दीत रिक्षा खोळंबली होती. मावशी वर पाहत म्हणाली, "राजधानी झाली त सरकारनं दिव्यायले बी झालर लावली. पाहा, एकेका बल्बाच्या भवती सात रंग फिरून राहिले." मी हसलो. कपाळाच्या उजव्या अंगाला ती बाम चोळत होती. "अन् हे गर्दी डोक्यात चढते," ती म्हणाली. मी त्यावरही हसलो. दिव्याभोवती रंगीत कडी दिसणे आणि कपाळाची एक बाजू दुखणे, ही दोन लक्षणे मी प्रत्येक तुकडीला पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून देत असे. अक्षर माझे चांगले होते.

पाचव्या तुकडीत बीरगावच्या दवाखान्यातली एक तरुण डॉक्टर आली. तिचे घराणे नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात इकडे आलेले. आडनाव मराठी, समज मराठी, उत्तर मात्र हिंदीत. तिच्या दवाखान्याभोवती कारखाने. डोळ्यात लोखंडाचा कण गेलेले कामगार दिवसभर तिच्याकडे येत, आणि तिच्याकडे यंत्र नव्हते. म्हणून ती शिकायला आली होती, आणि खरोखरच शिकायला आलेली ती एकटीच होती. बाकीचे एका डोळ्याला दहा सेकंद देत; ती दोन मिनिटे घेई. मधल्या सुट्टीतही ती स्वतःच्या पापण्यांवर बोटे ठेवून बसलेली दिसे.

पहिल्याच दिवशी तिने विचारले, "सर, अट्ठाईस और तीस का फर्क उँगली को पता कैसे चलता है?"

"ते शब्दांत सांगता येत नाही," मी म्हणालो. हे खोटे नव्हते. ते बाकांत सांगता येत होते.

प्रत्येक शिकाऊ डॉक्टर आपापला निष्कर्ष चिठ्ठीवर लिहून देई. त्या तुकडीतल्या सात जणांच्या चिठ्ठ्या दुसऱ्या दिवसापासून अचूक येऊ लागल्या. माझ्या अध्यापनाचे मलाच कौतुक वाटले. बीरगावच्या डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठ्यांवर मात्र "ठीक, पर पक्का नहीं", "दोनों में थोड़ा फर्क" असली टिपणे असत. मी ती सौम्य स्वरात वाचून दाखवी आणि म्हणे की काही बोटे उशिरा जागी होतात. सौम्य स्वरात बोलले की माणूस क्रूर वाटत नाही, हे मला लहानपणापासून अवगत आहे.

शेवटच्या दिवशी बाकावरची एक बाई नाहीशी झाली. भाचीच्या लग्नाची खरेदी राहिली होती. मोजून झाल्यावर ती थेट सदर बाजारात गेली. सहा रोगी हवे होते, पाच उरले.

"मी बसते," मावशी म्हणाली. "माह्ये डोये त चौदा हायेत."

दोन वर्षांपूर्वी तंत्रज्ञाने थट्टेथट्टेत तिचा दाब मोजला होता, तेव्हा चौदा निघाला होता. चौदा ही तिची कायमची मिळकत आहे असे तिने आणि आम्ही सगळ्यांनी धरून ठेवले होते. ती पदर सारखा करून खिडकीजवळच्या बाकावर बसली.

आठही जणांनी तिला तपासले. मी ठरल्याप्रमाणे बोटे टेकवून, मान कलती करून, "चौदा" म्हणालो. मग चिठ्ठ्या उघडल्या. सात चिठ्ठ्यांवर "ठीक". आठवीवर लिहिले होते: "दाहिनी आँख कड़ी. बाईं से बिलकुल अलग."

मी ती मोठ्याने वाचली आणि चिठ्ठी घडी करीत म्हणालो, "डॉक्टर, दिवसभर लोखंड पाहून पाहून तुम्हाला डोळाही लोखंडाचा वाटू लागला."

सगळे हसले. मावशीही हसली. "बाई, मी कडक हावो, हे सारं दवाखाना जाणते. डोया नाही कडक."

बीरगावची डॉक्टरीण हसली नाही आणि तिने मान खालीही घातली नाही. "सर, मैंने तीन बार देखा. आप एक बार और छू लीजिए."

"मशीन?" कोणीतरी म्हणाले.

"ठीक असलेल्या डोळ्याला यंत्र कशाला," मी म्हणालो आणि तिला गप्प करण्याकरिता पुन्हा मावशीसमोर उभा राहिलो. बोटे टेकवली, सवयीने मान कलती केली. त्या वेळी खिडकीतून ऊन थेट माझ्या तोंडावर आले आणि माझे डोळे दिपून मिटले गेले. बाक दिसेना. उजव्या पापणीखाली कपाळ होते. मी डावीकडे गेलो. तिथे नाकाचा शेंडा होता. पुन्हा उजवीकडे आलो. कपाळ.

आजवर मी जो तुकडा गाळत आलो, तो हा. मला कळले होते. बोटाने, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, मला स्वतःहून काही सांगितले होते, आणि तेही अशा बाईविषयी की जिने लहानपणी माझे नाक पुसले होते.

मी डोळे उघडले आणि म्हणालो, "चौदा. आता चहा घेऊ या."

पहिल्या खेपेला चहा आपणहून आला होता. या खेपेला तो मी बोलावला.

मंडळी व्हरांड्यात गेली. मी कपाटातून मखमलीची पेटी काढली. "मावशी, त्या टेबलावर जरा आडव्या व्हा. यंत्र लावून पाहतो."

"काहून? चौदा सांगतलं नं आता?"

"लावून पाहतो."

ती आडवी झाली. थेंब मीच घातला. त्या यंत्रात काटा जितका कमी हलेल तितका डोळा कडक. डाव्या डोळ्यावर काटा नीट हलला. उजव्यावर तो जागचा उठेना. मी वजन बदलून पुन्हा पाहिले. तक्ता पाहायची गरज नव्हती.

"दिव्यांची झालर अजून दिसते?" मी विचारले.

"उजव्यानं दिसते. काहून?"

मी तिला सांगितले. उजव्या डोळ्यात दाब फार वाढला आहे. किती दिवस आहे ठाऊक नाही. नस किती शिल्लक आहे ते तपासावे लागेल. दुसराही त्याच वाटेने जाऊ शकतो. आजच औषध चालू करायचे आणि लवकरात लवकर नागपूरला जायचे. ती छताकडे पाहत ऐकत होती. निवृत्तीला तिची चार वर्षे उरली होती. फावल्या वेळात ती लोकांच्या ब्लाउजांना हातशिलाई करून देई, आणि सुईत दोरा ती चष्म्यावाचून ओवते याचा तिला विभागातल्या कोणत्याही पदवीपेक्षा अधिक अभिमान होता.

"माह्याजवळ दुसरं काय हाये," ती हळू म्हणाली. "डोये हायेत, म्हणून कोणाच्या दारी जावं लागत नाही."

मग ती उठून बसली. पदराने डोळ्याचे पाणी टिपले, पिशवी उचलली.

"म्हंजे मी तिकडं बसाले पाह्यजे होतं," असे म्हणून ती चालत गेली आणि दाराजवळच्या लाल खुर्चीवर बसली.

दारात बीरगावची डॉक्टरीण उभी होती. तिच्या हातात चहाचा कप होता, भरलेला. तिने मावशीकडे पाहिले, टेबलावरच्या यंत्राकडे पाहिले, आणि माझ्याकडे मात्र पाहिले नाही. कप खिडकीत ठेवून ती म्हणाली, "गोली कहाँ रखते हैं, सर? मैं दे देती हूँ."

चहानंतर मी आठही जणांसमोर उभा राहिलो. यांचा निष्कर्ष बरोबर होता, माझा चूक, हे सांगितले. मग बाक, स्टूल आणि लाल खुर्च्या यांची सारी व्यवस्था सांगितली. या गौप्यस्फोटाने खोली हादरेल अशी माझी कल्पना होती. मागच्या बाजूचे एक स्थूल, प्रेमळ डॉक्टर खाकरून म्हणाले, "सर, वो तो हम लोग दूसरे दिन ही समझ गए थे."

"काय समजले?"

"कुर्सी वाला. हम भी वही देखकर लिख रहे थे. हमें लगा, यही सिखा रहे हैं आप."

सात अचूक चिठ्ठ्यांचा उलगडा असा झाला. मी चार दिवस त्यांना डोळे शिकवत होतो आणि ते फर्निचर शिकत होते. त्यांच्याआधी चार तुकड्या आपापल्या गावी परत गेल्या होत्या. तेथे त्यांना लाल खुर्च्या मिळाल्या नसतील. मग ते कशाकडे पाहून लिहीत असतील, हा विचार मला त्या क्षणी आला आणि पुढे कित्येक महिने येत राहिला. दुसऱ्या स्पर्शाविषयी मात्र मी त्यांना काही सांगितले नाही. प्रायश्चित्त घेतानाही मी आपल्यापुरते थोडे बाजूला काढून ठेवले.

दोन दिवसांनी मी मावशीला नागपूरला घेऊन निघालो. औषधाने दाब थोडा उतरला होता, डोकेदुखी कमी झाली होती, आणि त्यामुळे तिची जीभ पूर्ववत झाली होती. गोंदिया यायच्या आतच तिने सगळ्या डब्याला माझी ओळख करून दिली.

"हे साहेब डोयाले बोट लावते अन् आतला दाब सांगते. मोठमोठे अफसर येऊन पाहून गेले."

"मावशी," मी दबक्या आवाजात म्हणालो.

"काहून लाजून राहिले? दाखवा नं."

समोरच्या बाकावरच्या आजोबांनी चष्मा काढून मान पुढे केली. त्यांच्यामागे त्यांची सून, मग पलीकडच्या खिडकीतला एक पोलीस. मी एकेकाला खाली पाहायला सांगितले. आगगाडीत सगळे बाक सारखेच असतात. मी डोळे मिटून बोटे टेकवली आणि प्रामाणिकपणे सांगितले की ठीक वाटते आहे, पण मला नक्की सांगता येत नाही. यंत्राने मोजून घ्या.

"इतना तो कोई भी बता देगा," पोलीस म्हणाला आणि निराश होऊन आपल्या जागी गेला.

मावशी तोंडाला पदर लावून हसत होती. मला वाटते, तिने मला दिलेली तेवढी एकच शिक्षा.

नागपूरला तिच्या दोन्ही डोळ्यांतल्या तपकिरी पडद्यांना लेझरने सुईच्या अग्राएवढी भोके पाडली, म्हणजे आतल्या पाण्याला वाट मिळाली. डावा डोळा पूर्ण वाचला. उजव्याची नाकाकडची कड आधीच गेली होती, ती परत आली नाही. डावा डोळा झाकून पाहिले की माझे अर्धे तोंड दिसत नाही, असे ती सांगे, आणि पुढे म्हणे की जे दिसते तेवढे पुरे आहे. सुईत दोरा ती ओवू शकत होती. तेवढ्यावर मी पुष्कळ दिवस झोपू शकलो.

परत आल्यावर मी आधीच्या चारही तुकड्यांना पत्रे लिहून पुन्हा बोलावले. कारण खरे लिहिले. बहुतेक आले, काही केवळ गंमत पाहायला आले असावेत. शिकवायला मी बीरगावच्या डॉक्टरीणबाईंना विनंती केली, आणि मी स्वतः शिकणाऱ्यांत बसलो. तिने पहिल्या दिवशी माझी चिठ्ठी उघडली, वाचली, आणि सौम्य स्वरात म्हणाली, "सर, कुछ उँगलियाँ देर से जागती हैं." मला ते वाक्य ओळखीचे वाटले. सगळे हसले; मीही हसलो, कारण हसण्यावाचून इलाज नव्हता.

तेव्हापासून दोन नियम केले. रोगी कुठे बसेल हे मावशी चिठ्ठ्या टाकून ठरवील. आणि दर तुकडीतल्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांवर शिकावे. खाली पाहत, हात मांडीवर ठेवून, मी अनोळखी बोटे पापण्यांवर घेत आलो आहे. गार बोटे असतात, तंबाखूच्या वासाची असतात, घाबरलेली असतात. काही बोटे डोळ्यावर असतात आणि मन दुसरीकडे असते, तेही कळते. हे कळू लागल्यावरच मला एक शंका आली, आणि ती मी पुष्कळ वर्षे मावशीला विचारू शकलो नाही.

ती आता सत्तरीच्या पुढे आहे. महिन्यातून एकदा दाब मोजायला येते, आणि यंत्र लावण्याआधी मी बोटाने सांगायचे असा तिचा आग्रह असतो. चुकलो तर ती "नापास" म्हणते, तेही बाहेर रांगेत बसलेल्यांना ऐकू जाईल असे. जुनी लाल खुर्ची तिने माझ्या दवाखान्यात आणवून घेतली आहे. दाराजवळ ठेवली आहे. खिडकीजवळ बाक आहे. कधी ती इथे बसते, कधी तिथे, चेहरा शक्य तितका कोरा ठेवून.

गेल्या खेपेला मी तिला ते सांगितले. तुमच्या डोळ्यावर मी दुसऱ्यांदा बोट ठेवले तेव्हा मला कळले होते, तरी मी चौदा म्हणालो.

"मले माहीत हाये," ती म्हणाली.

"कसे?"

"डोया माहाच होता नं. पहिल्या खेपेले तुमचं बोट नुसतं येऊन गेलं. दुसऱ्या खेपेले थांबलं. तिकडं गेलं, अन् पुन्हा आलं." तिने पदर सारखा केला. "मंग तुम्ही चौदा म्हणाले, तवा मले वाटलं, आता हे पोट्टं काय करते त पाहू. चहाची वेळ दिली तुमाले."

"आणि मी यंत्र काढलेच नसते तर?"

"त मी उठून लाल खुर्चीवर बसली असती," ती म्हणाली. "सगळ्याच्या समोर."

तिने मान खाली घालून पायांकडे पाहिले, म्हणजे आता तपासा. मी तिच्या पापण्यांवर बोटे ठेवली.

"ठीक," मी म्हणालो. "दोन्ही."

"मी कुठं बसली हावो ते पाह्यलं का नाही आधी?"

"पाहिले," मी कबूल केले. "अजूनही आधी तेच पाहतो. लाल खुर्चीवर."

"मंग कडक काहून नाही म्हटलं?"

"बोट म्हणाले नाही."

"लावा मंग मशीन," ती म्हणाली. "बोट पास झालं त चहा मी पाजते."

मी यंत्र लावले. त्या दिवशीचा चहा तिने पाजला.